इंजिनाचा कौल

आमच्या गाडीचं इंजिन बसलं, तेव्हा मला कळलं की आमच्या वाडीत सगळेच मेस्त्री आहेत. ज्याने जन्मात सायकलला हवा भरली नाही, तोसुद्धा अंगणात उभा राहून सांगून गेला, "मैनावहिनी, त्या गाडीत आता काय राम ऱ्हायलेला नाय." दुसरा आला तो म्हणाला, दुसरं इंजिन टाका, गाडी अजून तुमच्या नातवापर्यंत चालेल. दोघांनीही चहा घेतला. सल्ला फुकट मिळतो म्हणतात, पण दूध-साखर आमची जाते त्याचं काय?

गाडी म्हणजे ट्रक. खाणीवरून जांभ्याचे चिरे भरायचे आणि जिथे कुणाचं घर चढतंय तिथे नेऊन टाकायचे, हा आमचा धंदा. रत्नागिरी तालुक्यातली निम्मी घरं आपल्या गाडीतल्या चिऱ्यांची आहेत असं माझा नवरा सांगतो. मी त्यातली निम्मी खरी धरते. नवऱ्याचं नाव काशीराम. तोंडावर मी अहो म्हणते, पण पाठीमागे नाव घ्यायला मला काही वाटत नाही. गाडी घेतली तेव्हा आमचा निलेश पाटी-दप्तर घेऊन शाळेत जायला लागला होता. आता तो मुंबईला नोकरी करतो आणि त्याचे केस गाडीच्या रंगाआधी गेले.

निवळीच्या घाटात भरली गाडी चढवताना इंजिन जाम झालं. काशीराम एकटेच होते. उतरवणारे गडी पुढे कामावर थांबले होते. गाडी ओढून हातखंब्याला लवू मेस्त्रीच्या गॅरेजात नेली. लवूने इंजिन उघडलं आणि दोन दिवसांनी बोलावणं धाडलं. मीही निघाले. काशीरामना ते आवडलं नाही, पण सुरुवातीची वर्षं मीही खाणीवर चिरे उचललेत. गाडीच्या मयताला जायचा हक्क मला आहेच.

लवू बोलतो कमी आणि तंबाखू चघळतो जास्त. त्याने इंजिनाच्या पोटात बोट घालून दाखवलं. "होजपाईप फाटलेला. पानी एकदम नाय गेला, थेंबथेंब गेला. गाडी तशीच चालत ऱ्हायली. हेड वाकला, पिस्टन चिकटले, ब्लॉकला तडा हाय. ह्याच्यात आता हात घालून उपेग नाय."

"मग?" काशीरामनी विचारलं.

"मग दोनच वाटा. कराडला जुना इंजिन मिळतो, चांगला बघून आनायचा नि बसवायचा. बाकी गाडी ठनठनीत हाय. नायतर देऊन टाका भंगारात."

"काटा बंद होता रे," काशीराम म्हणाले. "नायतर मी थांबलो नसतो?"

स्टेअरिंगसमोर पाण्याच्या गरमीचा एक काटा असतो. पाणी तापलं की तो लाल पट्ट्यावर जातो, मग गाडी बाजूला घ्यायची, एवढं मलाही ठाऊक आहे. लवूने नुसती मान हलवली. काशीराम टपरीवर चहा सांगायला गेले, तेव्हा तो तंबाखू थुंकून माझ्याजवळ आला.

"वहिनी, काटा चालू हाय. मी वायर बॉडीला टेकवून बगितली, टक्कन लालवर गेला. वाफ पन आली असनार, डाव्या अंगानं. दादांना डुलकी लागली असल. त्यांना बोललो नाय, मोठा मानूस हाय."

"असल," मी म्हटलं. पण भरली गाडी घाटात चढवताना काशीराम डुलक्या घेत नाहीत. तेवढ्या वेळात ते मनात चार माणसांना शिव्या घालतात. काटा लालवर गेला होता, वाफ येत होती, आणि ते त्यांना दिसलं नव्हतं.

पानाच्या डावीकडे तांब्या ठेवला की हल्ली तो हमखास लवंडायचा. मी म्हणायचे, लक्ष कुठे असतं तुमचं? दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. हायवेच्या कामासाठी रस्त्यात पिंपं मांडून ठेवलीत, त्यातलं एक त्यांनी उडवलं आणि घरी येऊन सांगितलं की पिंपच पुढे आलं. शेजारची वेदिका एकदा स्कूटीवरून रडकुंडीला येऊन आली होती, "काका, मी बाजूनं हॉर्न देत व्हते, तुमी अंगावरच घातलीत." समोरचं मात्र झक्क दिसायचं. परड्याच्या टोकाला असलेल्या आंब्यावरची कैरी ते पडवीतून दाखवायचे. त्यामुळे मला कधी शंका आली नाही. गॅरेजात उभ्या उभ्या मात्र मला घाम फुटला.

तिथून पुढे मला इंजिनाचं काही सोयरसुतक उरलं नाही. मला भीती बसली. दुसरं इंजिन बसवलं की काशीराम स्टेअरिंगवर बसणार. आमचा रस्ता अरुंद, त्याच्या कडेने शाळेची पोरं रांगेने चालतात, आणि कडेचंच तर ह्या माणसाला दिसत नाही.

संध्याकाळी पडवीत मी विषय काढला.

"अहो, तुमाला बाजूचा दिसत नाय काय?"

"कोन म्हनला?"

"मी म्हनते."

"तू डॉक्टर हायस? शाळेत डोळ्यांचा शिबिर झाला तेव्हा तपासून आलो ना. चष्म्याचा नंबर वाढलाय, बाकी काय नाय."

"मग काटा कसा नाय दिसला?"

"काटा बंद होता म्हनून एकदा सांगितला ना!"

आवाज एवढा चढला की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली. मीही गप्प बसणाऱ्यातली नाही. चालू काट्याला बंद म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणायचं असतं ते मी त्यांना म्हटलं. जेवण मात्र दोघांनीही नीट केलं. भांडणापायी बांगड्याचं कालवण टाकून उठणारे आम्ही नाही.

दुसऱ्या दिवशी निलेशचा फोन आला. त्याचं म्हणणं सोपं होतं, गाडी भंगारात द्या आणि दोघं इकडे या. "तिकडे येऊन काय करू?" काशीराम म्हणाले. "तुज्या बिल्डिंगीच्या लिफ्टीतून वर-खाली?" मग फोन माझ्याकडे आला. मला निलेशला सगळं सांगायचं होतं, पण काशीराम समोर उभे होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांच्यादेखत त्यांचं वैगुण्य लेकाला सांगायला माझी जीभ रेटेना. तब्येत बरी आहे म्हणून मी फोन ठेवला.

त्यात सुलेमानने घोळ वाढवला. सुलेमान खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातला. तो आणि काशीराम एकाच खाणमालकाच्या गाड्यांवर क्लीनर म्हणून लागले. पुढे तो कुवेतला गेला, तिथे मोठमोठे ट्रेलर चालवले आणि आता कायमचा घरी आलाय. त्याची बायको ताजबी मला बाजारात भेटली की म्हणते, "मैना, ह्याला कुठंतरी कामाला लाव गो, दिवसभर माज्या चुलीत डोका घालून मीठ कमी हाय सांगतो." असा हा रिकामा माणूस काशीरामसाठी आपणहून कराडला जाऊन आला.

"इंजिन बगितला, चालू करून ऐकला," तो येऊन म्हणाला. "चांगला हाय. गाडी फेकू नको दादा. चेसी बघ, गिअरबॉक्स बघ. आता असा लोखंड येत नाय."

काशीरामचा चेहरा फुलला. मी मधे बोलले, "आनि चालवनार कोन?" सुलेमानला वाटलं मी थट्टा करतेय. तो हसला. काशीराम हसले नाहीत.

"नवलाईला कौल लावू," ते म्हणाले. "ती सांगेल तसा."

आमच्याकडे लग्न, घर, विहीर, काहीही अडलं की ग्रामदेवीला कौल लावतात. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मग वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. एकदा कौल झाला की त्याच्यापुढे कुणी तोंड उघडत नाही. बायको तर नाहीच नाही. काशीरामचा निर्णय केव्हाच झालेला होता. त्यांना फक्त माझ्या तोंडाला लावायला कुलूप हवं होतं, आणि ते त्यांनी थेट देवीकडून मागवलं.

माझा नवलाईवर विश्वास आहे. पण तिला जेवढं विचारावं तेवढंच ती सांगते. माझ्या चुलतसासऱ्यांनी खाडीकडच्या जागेत विहीर खणायला कौल लावला. पाणी लागेल काय विचारलं, उजवा झाला. पाणी लागलंसुद्धा, हातभर खणलं नाही तोच. गोडं की खारं ते विचारायचं राहिलं होतं. त्या विहिरीत आता बेडूकसुद्धा राहत नाहीत. पण देवीने फसवलं असं गावात कुणी म्हणत नाही, म्हाताऱ्याने अर्धंच विचारलं म्हणतात.

मंगळवारी आम्ही देवळात गेलो. सुलेमानने त्याच्या गाडीतून सोडलं आणि तो बाहेर कट्ट्यावर फणसाच्या सावलीत बसला. आत भिकाजी गुरव होता आणि गावचे चार-पाच जुने मानकरी. काशीराम धुतलेला सदरा घालून, हात जोडून उभे राहिले. मी त्यांच्या डाव्या अंगाला, जराशी मागे, खांबाला टेकून.

भिकाजीने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "आई नवलाई, काशीराम तुज्या दारात उभा हाय. त्याच्या गाडीचा इंजिन गेला. दुसरा बसवू म्हनतो. बसवायचा असल तर उजवा दे, नसल तर डावा दे, पन लेकराला घोळात ठेवू नको."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हटलं.

बराच वेळ काही झालं नाही. बाहेर कुणाचा तरी मोबाईल वाजला आणि बंद झाला. मग उजवी पाकळी अलगद सुटली आणि खाली आली. काशीरामनी डोळे मिटून कपाळाला हात लावला. नंतर त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यासाठी त्यांना पूर्ण मान वळवावी लागली, नाहीतर दोन हातांवर उभी असलेली मी त्यांना दिसलेच नसते.

"भिकाजी, थांब," मी म्हटलं. "मना पन विचारायचा हाय."

मानकऱ्यांत सगळ्यात म्हातारे होते ते म्हणाले, "आता काय ऱ्हायला गो? कौल झाला."

"इंजिनाचा झाला. माज्या घरातला अजून एक गाऱ्हाना हाय. घरच्या बाईनं विचारायला बंदी हाय काय?"

त्यांनी बाकीच्यांकडे बघितलं. बाकीचे जमिनीकडे बघत होते. "बंदी नाय," ते म्हणाले.

भिकाजीने पाकळ्या पाण्यात बुडवून पुन्हा लावल्या. "काय घालू गाऱ्हाना?"

घरून निघताना मी सगळं मनात बांधून आणलं होतं. "विचार तिला," मी म्हटलं, "दुसरा इंजिन बसवल्यावर गाडी ह्यांनी चालवायची काय. ह्यांना बाजूचा दिसत नाय. काटा लालवर गेला तो दिसला नाय. उद्या रस्त्याच्या कडंचा पोर दिसला नाय तर मी कोनाच्या दारात जाऊन काय सांगू, ता पन विचार."

सगळ्यांनी माना वर केल्या. मला लाज वाटली. नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडणाऱ्या बाईला गाव काय म्हणतं ते मला चांगलं ठाऊक आहे, मीही अशा बायकांना तेच म्हटलेलं आहे. काशीराम माझ्याकडे वळले नाहीत. त्यांची पाठ ताठ झालेली मला दिसत होती. तरीही शब्द मागे घ्यावेत असं मला वाटलं नाही.

भिकाजीने हात जोडले आणि सुरुवात केली, "आई नवलाई..."

"भिकाजी, पाकळी काढ," काशीराम म्हणाले.

"लावलेला कौल असा काढत नाय दादा. पडू दे."

"पडायच्या आदी काढ. तिला कशाला सांगायला लावतोस? मी सांगतो." ते देवीकडे तोंड करूनच बोलत राहिले. "मना बाजूचा दिसत नाय. शिबिरातल्या डॉक्टरनी सांगितला होता. काचबिंदू हाय. गेला तेवढा परत येत नाय म्हनले, ऱ्हायलाय तेवढा औषधानं टिकवायचा. गाडी बंद करा म्हनले. थेंब दिले होते, ते पन मी घातले नाय. बाटली घरात दिसली असती तर हिला कळला असता."

भिकाजीचा हात पाषाणाकडे गेला आणि त्याने दोन्ही पाकळ्या काढून घेतल्या.

शिबिर झालं होतं पावसाळ्याआधी. आता आंबा मोहरला होता. एवढ्या दिवसांत त्यांच्या डोळ्यांतलं किती गेलं असेल, आणि ते माझ्यापासून लपवण्यात गेलं! मला एवढा राग आला की देवळात नसते तर मी काहीतरी फेकून मारलं असतं. आणि त्याच वेळी मला रडू आलं, कारण हा माणूस देवीला घाबरला नाही, गावाला घाबरला नाही, माझ्या हाती लागणाऱ्या बोटभर बाटलीला घाबरला. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले.

आमच्या गावात कुणी रडत असलं तरी मूळ मुद्दा कुणी सोडत नाही. म्हातारे मानकरी खाकरले. "मग काशीराम, इंजिनाचा काय?"

"बसवायचा. देवीनं दिलाय तो. चालवनारा दुसरा."

आम्ही बाहेर आलो. देऊळ तीन बाजूंनी उघडं, सुलेमानने सगळं ऐकलेलं होतं. तो कट्ट्यावरून उठला आणि पायातल्या चपला उगाच नीट करत राहिला.

"सुलेमान," काशीराम म्हणाले, "गाडी तू चालव. पगार काय घेशील ता सांग."

"पगारावर नाय येनार."

"का रे?"

"तुज्या हाताखाली ऱ्हाऊन तुज्या शिव्या खायला मी काय येडा हाय? अर्धलीनं देत असशील तर दे."

आमच्याकडे शेत अर्धलीने देतात, गाय अर्धलीने देतात. राबणाऱ्याचं निम्मं, मालकाचं निम्मं, आणि दोघांनाही एकमेकांवर ओरडायचा सारखा हक्क. ट्रक अर्धलीने दिल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. काशीरामही विचारात पडले.

"नि बिघडला तर?" त्यांनी विचारलं.

"बिघाड पन अर्धा. इंजिनापासून धर. कराडचा इंजिन मी पसंत केलाय, वाईट निघाला तर तू एकटा का मरशील?"

"ताजबीला विचारलास?" मी म्हटलं.

"तिला कशाला विचारू? ती मोहल्ल्यात पेढे वाटील."

काशीराम हसले. त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं. सुलेमान गाडी वळवून आणायला खाली पळाला.

देवळाच्या पायऱ्या चिऱ्याच्या आहेत, जुन्या, कडा झिजलेल्या. काशीराम वरच्या पायरीवर येऊन थांबले. इतके महिने ते ह्या पायऱ्या कशा उतरत होते देव जाणे. मी नेहमीसारखी चार पावलं मागे होते. आमच्याकडे नवरा पुढे चालतो आणि बायको मागे, आणि लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी बाहेर आम्ही दुसऱ्या तऱ्हेने कधी चाललोच नाही.

"मैना," ते म्हणाले. "हात दे."

मी पुढे झाले आणि त्यांचा हात धरला. राग गेलेला नव्हता, म्हणून जरा घट्टच धरला. एकेक पायरी सांगत उतरवलं, ही मोठी, ही तुटलीय, इथे शेवाळ आहे. तोवर आतली बातमी बाहेर आलीच होती. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना बायका-माणसं उभी होती, वेदिकाही होती, आणि सगळे आमच्याकडे टकमक बघत होते. खाली सपाट रस्ता आला तरी काशीराम हात सोडायला तयार नव्हते.

"सोडा आता," मी हळूच म्हटलं. "दोन्ही बाजूंनी लोका बघतायत."

"बगू देत," काशीराम म्हणाले. "मना कुठं दिसतायत?"